दुरुस्तीची विद्या

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींतल्या मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो. लग्नकार्यात, बाजारात, नागपूरच्या गाडीची वाट पाहताना दोन ओळखीची माणसे भेटली, की एक जण विचारतो, "थोरला सध्या कुठे असतो?" दुसरा सांगतो, "पुण्याला. कॉम्प्युटरमध्ये." संभाषण बहुधा येथेच थांबते. ते थोडे पुढे गेलेच, तर आई काहीशा संकोचाने म्हणते, "नवीन काही बनवत नाही म्हणे. जुनं काहीतरी बिघडतं, ते नीट करून देतो. रात्रीची पाळी असते." या संकोचाविषयी आम्हांला या महिन्यात लिहावयाचे आहे. नवे घडविणारा तो कर्तबगार आणि जुने सांधणारा तो दुय्यम, ही समजूत आपल्या मनात फार खोल रुजलेली आहे. ती कितपत खरी आहे हे पाहावयाचे, तर हे काम प्रत्यक्षात काय असते ते आधी समजून घेतले पाहिजे.

ज्या यंत्रांवर हे काम चालते त्यांना मेनफ्रेम म्हणतात. घरातल्या किंवा दुकानातल्या संगणकाहून ही यंत्रे फार निराळी. मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या, सरकारी खाती यांचे असंख्य व्यवहार एकाच वेळी आणि अखंड सांभाळण्यासाठी ती बांधलेली असतात. अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी 'सिस्टिम ३६०' या नावाची यंत्रांची एक मालिका जाहीर केली. ग्राहकाने पुढे मोठे किंवा नवे यंत्र घेतले, तरी त्याचे जुने प्रोग्रॅम, म्हणजे यंत्राला द्यावयाच्या आज्ञांच्या याद्या, त्यावर चालावेत, हा त्या मालिकेचा विशेष होता. हे धोरण पुढच्या पिढ्यांतील यंत्रांतही टिकले. त्यामुळे जो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस केव्हाच निवृत्त झाला, कदाचित हयातही नसेल, त्याच्या ओळी आज रात्रीसुद्धा एखाद्या नव्याकोऱ्या यंत्रावर चालू असू शकतात.

या ओळी बहुतांशी कोबोल नावाच्या भाषेत लिहिलेल्या असतात. १९५९ साली अमेरिकेत एका समितीने या भाषेचे काम हाती घेतले आणि १९६० साली तिचे पहिले स्वरूप प्रसिद्ध झाले. कचेरीत हिशेब पाहणाऱ्या माणसालाही वाचता यावी अशी ती असावी, हा हेतू होता. म्हणून तिच्यात वाक्ये आहेत, परिच्छेद आहेत आणि पूर्णविरामही आहेत. त्या पूर्णविरामाची हकीकत पुढे येईल.

आपल्या देशाला हे जग अगदीच परके नव्हते. १९६० च्या दशकात भारतीय रेल्वेच्या विभागीय मुख्यालयांत आय. बी. एम. १४०१ ही यंत्रे आली आणि पगारपत्रके व मालवाहतुकीचे हिशेब त्यांवर होऊ लागले. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली. तिला १९७४ साली बरोज या अमेरिकन कंपनीकडून जे काम मिळाले, ते भारतातून परदेशासाठी झालेल्या अशा प्रकारच्या अगदी पहिल्या कामांपैकी होते. एका यंत्रासाठी कोबोलमध्ये लिहिलेला रुग्णालयाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राच्या कोबोलमध्ये उतरवून द्यावयाचा, असे ते काम. म्हणजे आज ज्या व्यवसायावर पुण्यातील आणि बंगळुरातील लक्षावधी घरे चालतात, त्याचा श्रीगणेशाच दुसऱ्याने लिहिलेले जुने लिखाण नीट वाचण्याने झाला आहे. हे ध्यानात ठेवले, तर "नवीन काही बनवत नाही" या वाक्यातील संकोच तिथेच निम्मा होतो.

येथे कोणीही विचारील, की इतके जुने प्रोग्रॅम फेकून देऊन सगळे नव्याने का लिहीत नाहीत? प्रश्न रास्त आहे. एखाद्या विमा कंपनीचा चाळीस वर्षे चाललेला प्रोग्रॅम डोळ्यांपुढे आणावा. त्या चाळीस वर्षांत कायदे बदलले, व्याजाचे दर बदलले, न्यायालयांचे निर्णय आले, काही योजना निघाल्या व काही बंद झाल्या. प्रत्येक वेळी कोणीतरी चार ओळी घातल्या. बंद झालेल्या योजनेचे दोनशे विमेदार अजून हयात असतील, तर त्यांच्यासाठीच्या ओळीही जिवंत ठेवाव्या लागतात. पुष्कळदा असे होते, की कंपनीचे खरे नियम पूर्णपणे कोठे लिहिलेले असतील, तर ते फक्त त्या प्रोग्रॅममध्येच. नवे घर बांधावयाचे, तर जुन्या घरातील कोणती भिंत कशाचा भार पेलते हे आधी कळले पाहिजे. ते कळण्यासाठी पुन्हा वाचणे आलेच.

आता दोषाकडे वळू. या धंद्यात दोषाला 'बग', म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क दोन' या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तेथील लोकांनी तो रोजनिशीच्या पानावर चिकटवून ठेवला. ती गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. परंतु शब्द त्याहून जुना आहे. एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रातील अडचणींना हाच शब्द वापरलेला आहे. पतंग काढून टाकला, की काम झाले. प्रोग्रॅममधील किडा मात्र असा चिमट्याने निघत नाही.

प्रोग्रॅम झिजत नाही, गंजत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. मोटेचे चाक झिजते, पंपाचा पट्टा तुटतो. आज्ञांच्या ओळी जशा लिहिल्या तशाच वीस वर्षांनीही असतात. मग काल चालणारी गोष्ट आज का बिघडते? कारणे मुख्यतः दोन. एक तर दोष पहिल्या दिवसापासून होताच, परंतु ज्या परिस्थितीत तो उघडा पडतो ती परिस्थिती आजवर आली नव्हती. किंवा प्रोग्रॅम तोच राहिला आणि बाहेरचे जग बदलले. या दुसऱ्या कारणाचा अनुभव आपल्याइतका कोणास असणार? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा आपल्या लोकांनी घर सोडले नाही की शेत हलविले नाही, तरी ज्या नागपुरास राजधानी म्हणून जात होतो ते दुसऱ्या राज्यात गेले. पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या झाल्या. बाग तीच, विहीर तीच, बांध तोच. परंतु ज्या ज्या नोंदीत जिल्ह्याच्या जागी 'छिंदवाडा' लिहिलेले होते, ती नोंद एका दिवसात जुनी झाली. तिच्यात लिहिणाऱ्याची चूक कोणती? काहीच नाही. जुन्या प्रोग्रॅममधील पुष्कळ दोष याच जातीचे असतात. आपल्याकडे सहा अंकी पिन १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी आखलेल्या पत्त्याच्या नोंदीत त्या सहा अंकांना जागा ठेवण्याचे कोणास कारणच नव्हते.

या जातीचा सर्वांत गाजलेला दोष म्हणजे सन २००० चा. जुन्या काळी माहिती भोके पाडलेल्या कार्डांवर भरीत आणि एका कार्डावर ऐंशीच अक्षरे मावत. यंत्राची स्मृती तर सोन्याच्या भावाची. तेव्हा वर्ष लिहिताना '१९७१' ऐवजी '७१' लिहून दोन जागा वाचविणे हा शहाणपणाचाच व्यवहार होता. शतक कोणते हे लिहिणारा जाणत होता आणि वाचणाराही जाणत होता. अडचण येणार होती ती '९९' नंतर '००' उगवल्यावर. यंत्राच्या दृष्टीने '००' हे '९९' च्या आधीचे. १९९५ साली काढलेल्या ठेवीचे २००० सालचे व्याज काढावयाचे, तर शून्यातून पंचाण्णव वजा होणार!

हा दोष केवळ संगणकवाल्यांचा, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या इतिहाससंशोधकांनी जन्मभर याच्याशीच झुंज दिली आहे. मराठेशाहीतील कितीतरी पत्रांवर तिथी आणि महिना असतो, साल नसते. पत्र धाडणाऱ्यास साल ठाऊक, घेणाऱ्यास ठाऊक. मग शाई का दवडावी? कोठे नुसते संवत्सराचे नाव असते, आणि संवत्सरांची साठ नावे संपली की तेच नाव पुन्हा येते. शंभर वर्षांनी '७१' परत यावे, तसा साठ वर्षांनी 'प्रमाथी' परत येतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांना व त्यांच्यामागून आलेल्या संशोधकांना पत्रातला मजकूर, माणसांची नावे, स्वाऱ्यांचे उल्लेख ताडून पाहून एकेका कागदाचे साल ठरवावे लागले. पुण्यात रात्री जागणारा आपला मुलगा जे करतो ते याच कुळातील काम आहे. कागदाच्या जागी पडदा आला, इतकेच.

सन २००० चे दुसरेही एक उपकथानक आहे आणि ते मोठे बोधप्रद आहे. चाराने भाग जाणारे वर्ष लीप वर्ष, हा नियम शाळेतील मूलही सांगते. परंतु शतकाचे वर्ष चाराने भाग जात असूनही लीप नसते, म्हणून १९०० साली २९ फेब्रुवारी नव्हता. आणि त्यालाही अपवाद आहे. चारशेने भाग जाणारे शतकवर्ष लीप असते, म्हणून २००० साली तो दिवस होता. ज्याने पहिलाच नियम शिकून प्रोग्रॅम लिहिला, त्याचे उत्तर बरोबर आले. ज्यास तिन्ही नियम ठाऊक होते, त्याचेही बरोबर आले. ज्याने दोन शिकून तिसरा सोडला, तो फसला. अज्ञान निभावून गेले आणि अर्धवट ज्ञान पकडले गेले. दोष शोधणाऱ्यास असे प्रसंग रोज भेटतात. उत्तर बरोबर आले, म्हणून रीत बरोबर होतीच असे नव्हे.

ही दुरुस्ती दोन प्रकारे झाली. पहिला प्रकार म्हणजे प्रत्येक नोंदीत वर्षाच्या दोन अंकांचे चार अंक करणे. हा खरा उपाय, पण खर्चाचा. कारण नोंद लांबली, की ती वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागतो. दुसरा प्रकार तोडग्याचा. '००' पासून '२९' पर्यंतचे अंक दोन हजारच्या शतकातले समजावेत आणि '३०' पासून '९९' पर्यंतचे एकोणीसशेच्या. सीमेचा हा आकडा प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरविला. ज्यांनी तो '२०' ठेवला होता, त्यांच्यापैकी काहींची यंत्रे २०२० साली अडखळली. ज्यांनी '३०' ठेवला, त्यांची पाळी पुढे आहे. मेनफ्रेमच्या घड्याळाची गोष्टही अशीच आहे. १९०० पासून काळ मोजणारे त्यातील चौसष्ट बिटांचे मूळ मापक १७ सप्टेंबर २०४२ रोजी भरून जाते. त्यासाठी अधिक रुंद मापक केलेले आहे, परंतु जुन्या मापकावर विसंबलेले प्रोग्रॅम कोणीतरी शोधून बदलावेच लागणार. आज शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी काहींच्या वाट्यास ते काम येईल.

३१ डिसेंबर १९९९ ची रात्र सरली आणि जगात फारसे काही घडले नाही. लगेच लोक म्हणू लागले, की हा सगळा बागुलबुवाच होता. बांध वेळेवर घातला आणि पूर गावात शिरला नाही, तर पुढे "पूर येणारच नव्हता" असे म्हणणारे निघतात, तसेच हे झाले. भारतातून हजारो तरुणांनी त्या वर्षांत परक्या कंपन्यांच्या कोट्यवधी ओळी वाचल्या; त्यांत नागपूर आणि पुण्याकडील मराठी मुले पुष्कळ होती. दुरुस्ती करणाऱ्याच्या नशिबात हे लिहिलेलेच असते. त्याचे यश म्हणजे काहीही न घडणे. न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी शाल-श्रीफळ देत नाही.

आता एखाद्या रात्रीचे काम कसे चालते ते पाहू. समजा, महिनाअखेर आहे. एका बँकेच्या सर्व खात्यांवर व्याज आकारण्याचा प्रोग्रॅम रात्री अकराला सुरू झाला आणि दोन वाजता मध्येच थांबला. पडद्यावर एक सांकेतिक खूण आली. धंद्यातील लोक तिला 'सॉक-सेव्हन' म्हणतात. तिचा अर्थ असा, की जेथे आकडा असावयास हवा होता तेथे आकडा नाही, म्हणून यंत्राने बेरीज करण्यास नकार दिला. सकाळी शाखा उघडण्यापूर्वी काम पुरे झाले पाहिजे. थांबण्याच्या क्षणी यंत्राच्या स्मृतीत काय काय होते त्याची संपूर्ण नक्कल यंत्र देते. तिला डम्प म्हणतात. पूर्वी ती जोडकागदाच्या जाडजूड गठ्ठ्यावर छापून येई, आता पडद्यावर वाचतात. तिच्यात भाषा नसते, नुसती चिन्हे असतात. त्या चिन्हांतून मुलगा शोधीत जातो: कोणत्या ओळीवर थांबले, तेव्हा कोणते खाते हातात होते, त्या खात्याच्या कोणत्या रकान्यात काय होते.

सापडते ते पुष्कळदा असे, की एका रकान्यात शून्य असावयास हवे होते आणि तेथे जागा कोरी होती. आपण वहीत कोरा रकाना पाहिला, तर "काही नाही" असे समजतो. यंत्राला कोरी जागा हे एक अक्षर आहे, शून्य हा अंक आहे, आणि अक्षराची बेरीज होत नाही. नवखा मुलगा येथे काय करील? त्या एका खात्यात शून्य घालील, प्रोग्रॅम पुन्हा चालू करील आणि झोपेल. आपल्याकडील बागाईतदारास यातला धोका सांगावा लागणार नाही. संत्र्याच्या झाडाची पाने पिवळी पडली म्हणून जो नुसत्या पानांवर फवारे मारतो, त्याचे झाड वाचत नाही. पाणी साचून मूळ कुजले आहे का, बुंध्यावर डिंक्या आहे का, हे वाकून पाहावे लागते. तसेच येथेही. त्या रात्रीपुरते काम पुरे करणे भागच असते. परंतु कोरी जागा आली कोठून, हा खरा प्रश्न उरतो. कदाचित महिन्यापूर्वी दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये नव्या प्रकारचे खाते घातले गेले आणि तो रकाना भरावयाचा राहिला. तो दोष तेथे, आणि दुखणे येथे! मूळ तेथे आहे हे कळेपर्यंत दहा-वीस प्रोग्रॅम वाचावे लागतात.

काही दोष यंत्राला थांबवीतच नाहीत, आणि ते अधिक भयंकर. वर पूर्णविरामाचा उल्लेख केला तो याचसाठी. "शिल्लक हजाराहून कमी असेल, तर दंड आकार, पत्र पाठव." या वाक्यात दंड आणि पत्र ही दोन्ही फक्त कमी शिल्लक असणाऱ्यांना. आता एका स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडू द्या: "शिल्लक हजाराहून कमी असेल, तर दंड आकार. पत्र पाठव." झाले! दंड थोड्यांना आणि पत्र सर्वांना. जुन्या कोबोलमध्ये अटीचा शेवट पूर्णविरामानेच होत असे. अट येथे संपली असे सांगणारे निराळे शब्द १९८५ च्या आवृत्तीत आले. तसेच, कार्डाच्या काळापासून ओळीच्या बहात्तराव्या जागेपुढे लिहिलेले यंत्र आज्ञा म्हणून वाचत नसे. लांबलेल्या ओळीतील शेवटचा अंक त्र्याहत्तराव्या जागेवर पडला, तर माणसाला तो स्पष्ट दिसे आणि यंत्राला दिसतच नसे. विरामचिन्हांना क्षुल्लक मानणाऱ्या विद्यार्थ्यांना मराठीच्या शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य सांगावे.

दोष सापडला म्हणजे काम संपले असेही नाही. दुरुस्ती केल्यावर जुन्या माहितीवर प्रोग्रॅम पुन्हा चालवून पाहावयाचा आणि आधीचे व आताचे उत्तर ओळीओळीने ताडावयाचे. जेथे फरक पडावयास हवा तेथेच तो पडला, आणि बाकी एका पैशाचाही पडला नाही, हे दाखवावे लागते. मग आपण काय बदलले आणि का बदलले, हे प्रोग्रॅममध्येच टीप म्हणून लिहून ठेवावयाचे. कोबोलमध्ये ओळीच्या सातव्या जागी एक तारा घातला, की यंत्र ती ओळ सोडून देते. ती ओळ फक्त पुढच्या माणसासाठी असते. आमच्या मते साऱ्या प्रोग्रॅममध्ये अशा ओळींचे मोल सर्वांत अधिक. कारण काय करावयाचे ते यंत्राला सांगितलेले असतेच, पण का करावयाचे ते माणसाने माणसालाच सांगावे लागते. अलीकडे जुने प्रोग्रॅम वाचून त्यांचा सारांश सांगणारी आणि ते नव्या भाषेत उतरवून देणारी साधने निघाली आहेत. पुण्यातील 'टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर' या १९८१ साली सुरू झालेल्या संस्थेतही प्रोग्रॅमनेच प्रोग्रॅम वाचण्याचे संशोधन झाले आहे. ही साधने वाचकाचे श्रम पुष्कळ वाचवितात. परंतु जे कारण कोणी लिहिलेच नाही, ते कोणत्या साधनाने सापडणार?

एखाद्यास वाटेल, की या सगळ्याचा आपल्यासारख्या साध्या संसारी माणसांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्यांनी स्वयंसेवक म्हणून पुढे यावे, असे जाहीर आवाहन केले. काम गेलेल्या लोकांचे भत्त्यासाठी अर्ज लोटले होते आणि जुन्या यंत्रणेवर त्यांचा भार पडला होता. त्याहून गंभीर प्रकार ब्रिटनच्या टपाल खात्यात घडला. १९९९ पासून तेथील टपाल कचेऱ्यांत 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणक यंत्रणा बसविण्यात आली. ती मेनफ्रेमच्या पिढीची नव्हती, परंतु दोष न शोधण्याचा परिणाम काय होतो हे तिच्याइतके स्पष्टपणे कशानेच दाखविले नाही. यंत्रणा तूट दाखवी आणि ती तूट कचेरी चालविणाऱ्या उपडाकपालाच्या माथी मारली जाई. माणसे सांगत होती, की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. कोणी ऐकले नाही, कारण यंत्र चुकत नाही असे सर्वांनी धरून ठेवले होते. नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. भारतीय वंशाची एक महिला २०१० साली गरोदर असताना तुरुंगात पाठविली गेली. यंत्रणेतच दोष होते, असे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट म्हटले आणि शेवटी २०२४ साली खास कायदा करून त्या शिक्षा रद्द करण्यात आल्या. वीस वर्षांपूर्वी कोणी "आधी यंत्र तपासून पाहू" असे म्हटले असते, तर किती घरे वाचली असती!

म्हणून दोष शोधण्याच्या कामास आम्ही केवळ कारागिरी मानीत नाही. आकडा जुळत नसेल, तर आधी माणसावर संशय घ्यावयाचा की आज्ञांच्या ओळींवर, हा न्यायाचा प्रश्न आहे. खिडकीपलीकडे बसलेला कारकून "कॉम्प्युटरमध्ये असेच दिसते" असे म्हणतो, तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण मुकाट्याने परततात. तसे परतू नये. हिंदी कागदपत्रांतून 'ळ' चा 'ल' होतो, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. एका कागदावर 'काळे' आणि दुसऱ्यावर 'काले' असेल, तर नाव ताडून पाहणाऱ्या यंत्राला ती दोन माणसे वाटतात. वारसाची नोंद, निवृत्तिवेतन, विम्याचा दावा, कोठेही हे आड येऊ शकते. अशा वेळी शांतपणे, लेखी, तारीख घालून दुरुस्तीचा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि जुना मूळ कागद कधीही फाडू नये. खसऱ्याची जुनी नक्कल असो की छिंदवाडा जिल्ह्याचा शिक्का असलेला दाखला असो, नवा आला म्हणून जुना निरुपयोगी होत नाही. पुढे कोणास दोष शोधावयाचा झाला, तर त्याच्या हाती तोच एक धागा असतो.

या कामावर असलेल्या तरुण वाचकांना आम्ही दोन गोष्टी सुचवू इच्छितो. जुन्या ओळी वाचताना "हे कोणत्या मूर्खाने लिहिले?" असा उद्गार सहज तोंडी येतो. तो आवरावा. ज्याने दोन अंकी साल लिहिले त्याच्याजवळ ऐंशी अक्षरांचे कार्ड होते. ज्याने विचित्र अट घातली त्याच्यासमोर त्या वर्षीचा कायदा होता. अट कशासाठी आहे हे कळेपर्यंत ती काढू नये. आणि दुसरे, आपण जी दुरुस्ती कराल तिचे कारण लिहून ठेवण्याचा आळस करू नये. रात्री तीन वाजता ते नकोसे वाटते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु वीस वर्षांनी त्या ओळींपाशी दुसऱ्या कोणाचे तरी लेकरू तशाच रात्री जागत बसणार आहे.

आईवडिलांना आमचे सांगणे एवढेच, की दिवाळीला किंवा पोळ्याला मुले घरी येतील तेव्हा "पगार किती?" यापलीकडे जाऊन "या महिन्यात कोणता दोष सापडला, कसा सापडला?" असे एकदा विचारून पाहावे. सारे समजले नाही तरी चालेल. मुलाचा चेहरा उजळेल. आणि तो घरी आहे तोवर घरातील कागदांची पेटी उघडून त्याच्याबरोबर एक वही करावी: कोणता कागद कशाचा, कोणते शेत कोणाकडून कोणत्या साली आले, कोणते नाव कोठे कसे चुकले आहे, आणि कोणती गोष्ट त्या वेळी तशी का केली. हे 'का' आज घरातील वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहे, म्हणूनच ते कोणी लिहीत नाही. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालावी, आणि साल चारही अंकांत लिहावे.